ड्रायव्हर एकच, प्रोसेसर अनेक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एक्स८६वर (इंटेल-एएमडीच्या नेहमीच्या पीसी प्रोसेसरवर) ड्रायव्हर नीट चालतोय आणि आता तोच आर्म, रिस्क-व्ही किंवा पॉवरपीसीच्या बोर्डावर न्यायचाय, अशा मंडळींसाठी हे पान आहे. उत्तरं मुख्यतः लिनक्स कर्नलच्या अंगाने दिली आहेत. सी येते आणि एखादा छोटा मॉड्यूल लिहून झालाय, एवढं गृहीत धरलंय. फंक्शनांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत आहेत.

सीमध्ये लिहिलंय म्हणजे पोर्टेबल आहेच की. मग अडतं कुठे?

कंपाइल होईल, बहुधा लोडही होईल. अडतं ते त्यानंतर. सी भाषेला व्हेरिएबल कळतं, पॉइंटर कळतो. पण या ॲड्रेसवर रॅम नसून नेटवर्क कार्डाचं रजिस्टर बसलंय, किंवा या बफरमध्ये प्रोसेसरच्या नकळत डिव्हाइसही लिहितं, हे तिच्या गावीही नसतं.

त्यातून एक्स८६ फार सांभाळून घेतो. वेड्यावाकड्या ॲड्रेसवरून चार बाइट मागा, देतो. रॅममध्ये एकामागून एक लिहिलेलं इतरांना त्याच क्रमाने दिसतं. डिव्हाइसने डीएमए करून, म्हणजे प्रोसेसरला मध्ये न घेता, रॅममध्ये काही टाकलं, तर कॅशेची काळजी हार्डवेअरच घेतं. त्यामुळे लिहिणाऱ्याने मनात धरलेल्या पाच-सहा गोष्टी कधी उघड्याच पडत नाहीत. दुसऱ्या प्रोसेसरवर गेलं की त्या एकेक करून वर येतात, आणि दोष मात्र नव्या बोर्डाला मिळतो. ‘आमच्याकडे इतकी वर्षं चालतोय’ या वाक्याला या विषयात फारशी किंमत देऊ नका.

रजिस्टरच्या ॲड्रेसला व्होलाटाइल पॉइंटर लावून थेट वाचलं तर काय बिघडतं?

व्होलाटाइल फक्त कंपायलरला आवरतं. प्रोसेसर, बस, कॅशे यांना त्याचं सोयरसुतक नसतं.

आधी ॲड्रेसचंच बघा. डिव्हाइसचा भौतिक ॲड्रेस आयओरीमॅपला दिल्याशिवाय वापरता येत नाही. आयओरीमॅप तो भाग कॅशे होणार नाही अशा बेताने मॅप करून देतं. जे परत मिळतं त्याला आयओमेम अशी खूण असते, आणि ती पुसून टाकण्यासाठी कास्ट मारायचा मोह आवरावा. स्पार्स नावाचं तपासणीचं साधन याच खुणेवरून चुका पकडतं. मेक करताना सी=१ दिलं की ते चालतं.

मग प्रत्यक्ष वाचणं-लिहिणं रीडएल, रायटएल या कुटुंबातल्या फंक्शनांनी करायचं. ही फंक्शनं म्हणजे नुसती सजावट आहे असं वाटणाऱ्यांनी डेकच्या अल्फा प्रोसेसरचा किस्सा ऐकावा. सुरुवातीच्या अल्फात एक किंवा दोन बाइट वाचायची-लिहायची सूचनाच नव्हती. थेट ३२ नाहीतर ६४ बिट. रॅममध्ये हे खपून जातं: शब्द उचला, त्यातला बाइट बदला, परत ठेवा. डिव्हाइसच्या एका बाइटच्या रजिस्टरवर हाच प्रकार केला तर शेजारच्या तीन रजिस्टरांनाही हात लागतो, आणि काही रजिस्टरं नुसती वाचली तरी आतली स्थिती बदलते. म्हणून अल्फाच्या चिपसेटांनी एक विरळ ॲड्रेस-जागा ठेवली होती. तिथे किती बाइट हवेत हे ॲड्रेसच्याच बिटांत भरून सांगावं लागे. बाइटच्या सूचना पुढे २११६४एमध्ये आल्या. ही कसरत थेट पॉइंटरने कोण करणार? रीडबीच्या पोटात ती सहज बसते आणि ड्रायव्हरला पत्ताही लागत नाही.

नेटबीएसडी या युनिक्स घराण्यातल्या प्रणालीने हेच बस_स्पेस नावाने आणखी नेटकं केलं. आज दिसतो त्या रूपात ते नेटबीएसडी १.३मध्ये आलं. क्रिस डेमेट्रिओ, जेसन थॉर्प आणि चार्ल्स हॅनम हे त्यामागचे प्रमुख लोक. तिथे ड्रायव्हरला ॲड्रेस मिळतच नाही, मिळतो एक टॅग आणि एक हँडल. लिनक्सच्या पद्धतीपेक्षा मला ही जास्त स्वच्छ वाटते, कारण पॉइंटरच हातात नसेल तर चूक करायची संधीच नाही.

आणखी एक: रजिस्टरांच्या किंवा कार्डावरच्या मेमरीत मेमसीपीवाय वापरू नका. आर्म६४वर डिव्हाइस म्हणून मॅप केलेल्या जागेत अलाइन नसलेला ॲक्सेस झाला की थेट फॉल्ट येतो, आणि मेमसीपीवाय वेगासाठी असे ॲक्सेस खुशाल करतं. मेमसीपीवाय_टूआयओ त्यासाठीच आहे.

जुन्या ड्रायव्हरमध्ये इनबी-आउटबी आहेत. ते चालतील?

इनबी-आउटबी पोर्टांवर वाचतात-लिहितात. एक्स८६ला ६५,५३६ पोर्टांची वेगळी जागा आणि तिच्यासाठी वेगळ्या सूचना आहेत. आर्म आणि रिस्क-व्हीला अशा सूचना नाहीत. काही यंत्रांत पीसीआयचा (कार्डं जोडायच्या बसचा) होस्ट ब्रिज मेमरीतली एक खिडकी पोर्टांसाठी उघडून देतो, तेव्हा इनबी त्या खिडकीतून चालतं. काहींत ती खिडकीही नसते. पीसीआय_आयओमॅप आणि आयओरीड८ वापरलं तर बार (पीसीआय डिव्हाइसला मिळालेला ॲड्रेसचा पट्टा) पोर्टाचा आहे की मेमरीचा, ही चौकशीच उरत नाही.

पोर्ट हेक्स ८०वर काहीतरी लिहून थोडा वेळ काढायचा जुना पीसी-छाप प्रकार दिसला तर काढून टाका आणि यूडिले लावा.

बिग-एंडियन आता कोण वापरतं? त्याची चिंता करायची का?

आकड्याचा सगळ्यात वजनदार बाइट आधी ठेवला तर बिग-एंडियन, सगळ्यात हलका आधी ठेवला तर लिटल-एंडियन. आयबीएमचे एस३९० मेनफ्रेम आजही बिग-एंडियन आहेत आणि त्यांवर लिनक्स चालतो. जुनी पॉवरपीसी यंत्रं आहेत, मिप्सचे कितीतरी राउटर आहेत. पण समजा तुमचं गिऱ्हाईक यांपैकी कुणीच नाही. तरी एंडियन नीट पाळावं, कारण डिव्हाइसचा बाइटक्रम कोडमध्ये लिहिला की कोड वाचायलाही सोपा होतो.

नियम साधा आहे. पीसीआय लिटल-एंडियन. रीडएल आणि रायटएल हे धरूनच चालतात आणि गरज पडली तर बाइट उलटवून देतात. त्यामुळे रीडएलवर पुन्हा एलई३२_टू_सीपीयू लावलं की दोनदा उलटलं, म्हणजे मूळपदावर. ही चूक मला इतरांच्या पॅचमध्ये वरचेवर दिसते आणि एक्स८६वर ती अर्थातच गप्प बसते. रजिस्टरच बिग-एंडियन असेल तर आयओरीड३२बीई आहे. __रॉ_रीडएल म्हणजे दोन अंडरस्कोरवालं ‘रॉ’ रूप. ते ना बाइट उलटवतं ना क्रमाची हमी देतं. ‘जलद आहे’ म्हणून ते उचलू नये.

रॅममधल्या डिस्क्रिप्टरचं (कार्डासाठी भरून ठेवलेल्या कामाच्या नोंदीचं) मात्र तुम्हालाच बघावं लागतं. हेक्स १२३४५६७८ ही लांबी किंवा ॲड्रेस स्ट्रक्टमध्ये सरळ लिहिला, तर लिटल-एंडियन यंत्रात बाइट ७८, ५६, ३४, १२ असे पडतात आणि बिग-एंडियनमध्ये १२, ३४, ५६, ७८. कार्ड दोन्हीकडे तेच. त्याला पहिलाच क्रम कळतो. फील्डचा प्रकार यू३२ न ठेवता एलई३२ ठेवा आणि भरताना सीपीयू_टू_एलई३२ लावा. मग एखाद्या ठिकाणी विसरलात तर स्पार्स लगेच ओरडतो.

स्ट्रक्टमधली बिटफील्डं हार्डवेअरच्या मांडणीसाठी वापरू नका. त्यांचा क्रम कंपायलर आणि आर्किटेक्चरप्रमाणे बदलतो. मास्क आणि शिफ्ट, किंवा फील्ड_प्रेप आणि फील्ड_गेट, हे जरा रुक्ष दिसतं पण फसवत नाही. आभासी यंत्रांसाठीच्या व्हर्टआयओसारख्या पूर्ण कल्पित डिव्हाइसलाही हा धडा शिकावा लागला. जुन्या रूपात ‘गेस्टचा जो क्रम तोच’ असं ठरलं होतं, आणि मग यजमान एका क्रमाचा, पाहुणा दुसऱ्या क्रमाचा, असा घोळ व्हायला लागला. १.० आवृत्तीत लिटल-एंडियन ठरवून मोकळे झाले.

मेमरी बॅरिअर नेमका कुठे टाकायचा?

हा भाग सावकाश वाचा. मेमरी बॅरिअर म्हणजे ‘आधीचं वाचणं-लिहिणं नंतरच्याच्या मागे पडू देऊ नकोस’ अशी ताकीद.

नेटवर्क कार्डाची ट्रान्समिट रिंग घ्या. एका डिस्क्रिप्टरमध्ये तीन गोष्टी आहेत: बफरचा ॲड्रेस, लांबी, आणि ‘आता हा कार्डाचा’ असं सांगणारा मालकीचा बिट. ड्रायव्हर ॲड्रेस भरतो, लांबी भरतो, शेवटी बिट लावतो आणि डोअरबेल रजिस्टरवर लिहून कार्डाला हाक मारतो. कार्ड डोअरबेलची वाट बघतंच असं नाही. आधीच्या पॅकेटच्या नादात ते रिंग पुढे पुढे चाळत असतं. आर्मवर किंवा पॉवरवर बिट आधी आणि लांबी नंतर अशी रॅममध्ये पोचू शकते. कार्डाला बिट दिसला, लांबी मात्र मागच्या पॅकेटची. तारेवर कचरा जातो, आणि तोही लाखात एखाद्या वेळी.

उपाय: ॲड्रेस आणि लांबी भरून झाल्यावर, बिट लावण्याआधी डीएमए_डब्ल्यूएमबी. एक्स८६वर याचा अर्थ फक्त ‘कंपायलरा, क्रम बदलू नकोस’ एवढाच होतो, खर्च जवळजवळ शून्य. आर्म६४वर खरी डीएमबी सूचना निघते. उलट बाजूनेही हेच: रिसीव्ह रिंगमध्ये बिट वाचला की डीएमए_आरएमबी, आणि मगच लांबी वाचायची. नाहीतर प्रोसेसरने लांबी आधीच उचलून ठेवलेली असू शकते.

डोअरबेलच्या आधी वेगळा डब्ल्यूएमबी लागतो का, असं पुष्कळ जण विचारतात. साधं रायटएल असेल तर नाही. आधी कोहेरंट (प्रोसेसर आणि डिव्हाइस दोघांना सारखीच दिसणाऱ्या) डीएमए मेमरीत लिहिलेलं डिव्हाइसला रायटएलच्या आधी दिसेल, ही हमी त्याच्या करारातच आहे. रायटएल_रिलॅक्स्ड वापरलंत तर ही हमी गेली. वेगासाठी सगळीकडे रिलॅक्स्ड करत सुटलेले पॅच बघितले की माझी पहिली सूचना असते: मोजून दाखवा. प्रत्येक पॅकेटमागे चालणाऱ्या कोडमध्ये त्याचा उपयोग होतो, डिव्हाइस सापडल्यावर एकदाच चालणाऱ्या प्रोबमध्ये कशाला?

जुन्या कोडमध्ये एमएमआयओडब्ल्यूबी दिसेल. एसजीआयच्या अल्टिक्ससारख्या मोठ्या यंत्रांत दोन प्रोसेसरांनी एकाच लॉकखाली पाळीपाळीने केलेली रायटएल डिव्हाइसपर्यंत उलट्या क्रमाने पोचू शकत, त्यासाठी ते होतं. लिनक्स ५.२पासून ते काम स्पिनलॉक सोडतानाच होतं, तेव्हा ड्रायव्हरमधून खुशाल काढा.

रायटएल झालं म्हणजे डिव्हाइसपर्यंत पोचलं ना?

निघालं, एवढंच. पीसीआयवर लिहिणं पोस्टेड असतं. वाटेतल्या ब्रिजमध्ये ते रेंगाळू शकतं, आणि हे एक्स८६वरही खरं आहे. रीसेट बिट लिहून दहा मायक्रोसेकंद थांबायचं असेल तर लिहा, त्याच डिव्हाइसचं एखादं निरुपद्रवी रजिस्टर वाचा आणि मग यूडिले लावा. वाचलेलं उत्तर परत येतं तेव्हा आधीचं लिखाण पुढे ढकललं गेलेलं असतं.

डीएमएसाठी कार्डाला कुठला ॲड्रेस द्यायचा? भौतिक?

डीएमए_मॅप_सिंगल किंवा डीएमए_अलॉक_कोहेरंट जो देईल तो. साध्या पीसीवर तो भौतिक ॲड्रेसच निघतो, म्हणून व्हर्ट_टू_बससारखे शॉर्टकट वर्षानुवर्षं खपले. मध्ये आयओएमएमयू (डिव्हाइसचे ॲड्रेस बदलून देणारं हार्डवेअर) असेल तर डिव्हाइसला दिसणारा ॲड्रेस वेगळाच असतो. काही एसओसीत (प्रोसेसर आणि पेरिफेरल एकत्र असलेल्या चिपेत) रॅम प्रोसेसरला एका ठिकाणी दिसते आणि डिव्हाइसला दुसऱ्या.

शिवाय प्रत्येक डिव्हाइसचा हात कुठवर पोचतो हेही पाहावं लागतं. आयसा या पीसीच्या जुन्या बसच्या काळात २४ बिट, म्हणजे १६ एमबी. रास्पबेरी पाय ४मध्ये रॅम ८ जीबीपर्यंत मिळते, पण त्यातल्या बऱ्याच पेरिफेरलांना पहिला १ जीबीच दिसतो. प्रोबमध्ये डीएमए_सेट_मास्क_अँड_कोहेरंट बोलावून आपल्या डिव्हाइसची खरी रुंदी सांगा. काहीच सांगितलं नाही तर कर्नल ३२ बिट धरतो. बफर पोचेबाहेर पडला तर कर्नल मध्ये एक बाउन्स बफर घेऊन कॉपी करतो. वेग घटतो, डेटा शाबूत राहतो. मॅप केल्यावर डीएमए_मॅपिंग_एरर तपासायला विसरू नका. पीसीवर मॅपिंग फसत नाही म्हणून ही ओळ सर्रास गाळलेली असते.

नेटबीएसडीची बस_डीएमए ही चौकट जेसन थॉर्प यांनी नासाच्या एम्स संशोधन केंद्रात काम करताना रचली. फ्रीबीएसडीनेही ती पुढे उचलली. ‘लिहायच्या आधी’, ‘लिहून झाल्यावर’, ‘वाचायच्या आधी’, ‘वाचून झाल्यावर’ असे सिंकचे चार वेगळे प्रसंग त्यात आहेत. डीएमए मुळापासून समजून घ्यायचं असेल तर तिचं मॅन्युअल पान वाचायला मी आधी सांगतो.

आर्म बोर्डावर अधूनमधून बफरमध्ये जुनाच डेटा दिसतो. हार्डवेअर खराब आहे का?

बहुधा कॅशे. पुष्कळ आर्म एसओसींत डिव्हाइसचा डीएमए कॅशेला विचारत नाही. डिव्हाइसने रॅममध्ये नवा डेटा टाकला तरी प्रोसेसर कॅशेतली शिळी प्रत वाचत बसतो. डीएमए_मॅप केल्यापासून अनमॅप करेपर्यंत बफर डिव्हाइसच्या मालकीचा असतो. मध्येच डोकवायचं असेल तर डीएमए_सिंक_सिंगल_फॉर_सीपीयू, आणि परत देताना फॉर_डिव्हाइस. दिशाही खरी सांगा. ‘दोन्हीकडे’ असं सरसकट लिहिलं तर चालतं, पण कॅशेचं काम उगाच वाढतं.

दुसरा, जास्त छुपा प्रकार: स्ट्रक्टमध्ये डीएमएचा बफर आणि त्याला खेटून एखादा काउंटर. दोघं एकाच कॅशे लाइनवर. डिव्हाइस बफरमध्ये लिहीत असताना प्रोसेसरने काउंटर वाढवला, की ती अख्खी लाइन पुन्हा रॅममध्ये लिहिली जाते आणि डिव्हाइसचं लिखाण पुसलं जातं. बफर केमॅलॉकने वेगळा घ्या.

स्टॅकवरचा बफर तर मुळीच डीएमएला देऊ नका. डिसेंबर २०१६मध्ये आलेल्या लिनक्स ४.९मध्ये एक्स८६-६४वर कर्नलचे स्टॅक व्हीमॅलॉकच्या जागेत गेले, जिथे पानं भौतिक रॅममध्ये सलग असतीलच असं नाही, आणि स्टॅकवर बफर ठेवणारे कितीतरी यूएसबी ड्रायव्हर, विशेषतः टीव्ही ट्यूनरांचे, दुरुस्त करावे लागले. नियम आधीपासून लिहिलेला होता. एक्स८६ने तोवर चालवून घेतलं होतं.

अलाइनमेंट फॉल्ट येतोय. पॅक्ड लावू का?

आधी डेटा कुठून आला ते बघा. इथरनेटचं हेडर १४ बाइटांचं. बफर चाराच्या पटीत सुरू झाला तर आयपी हेडर १४व्या बाइटवर येतं, आणि १४ काही चाराच्या पटीत नाही. म्हणून नेटवर्क ड्रायव्हर सुरुवातीला दोन बाइट सोडतात. त्याला नेट_आयपी_अलाइन म्हणतात. एक्स८६वर ते शून्य, कारण तिथे फिकीर नाही. प्रोटोकॉलमुळेच वाकडा पडलेला आकडा वाचायचा असेल तर गेट_अनअलाइन्ड_एलई३२. पॅक्ड (स्ट्रक्टमधलं पॅडिंग काढून टाकायची सूचना) सगळीकडे फासलं तर काही आर्किटेक्चरांवर कंपायलर एकेक बाइट गोळा करायला लागतो, आणि रजिस्टरांच्या स्ट्रक्टवर ते असेल तर मग आनंदच.

बारीकसारीक काय काय राहतं?

लाँग ३२ बिटांचा की ६४, हे यंत्रावर अवलंबून. हार्डवेअरच्या आणि आयओसीटीएलच्या स्ट्रक्टमध्ये तो नकोच. ३२ बिटी एक्स८६वर यू६४ चाराच्या पटीत बसतो, आर्मवर आठाच्या. म्हणून पॅडिंग हाताने लिहून टाका. पेज ४०९६ बाइटांचंच असतं हे विसरा: आर्म६४वर ४, १६ किंवा ६४ केबी असू शकतं, आणि रास्पबेरी पाय ५चा नेहमीचा ६४ बिटी कर्नल १६ केबीचा आहे. जिफीजमध्ये (कर्नलच्या घड्याळाच्या टिकांत) आकडे ठोकू नका, एमसेक्स_टू_जिफीज आहे. अल्फावर एका सेकंदात १०२४ टिक असायचे. ३२ बिटी प्रोसेसरवर ६४ बिटी रजिस्टर दोन तुकड्यांत वाचलं जातं. मध्येच काउंटर उलटला तर चुकीचा आकडा मिळतो, तेव्हा वरचा अर्धा, खालचा, पुन्हा वरचा असं वाचून ताडून बघा.

माझं डिव्हाइस कुठल्या ॲड्रेसवर, कुठल्या इंटरप्टवर, हे ड्रायव्हरला कसं कळायचं?

पीसीआय आणि यूएसबी स्वतःच सांगतात. एसओसीतलं यूआर्ट किंवा आयटूसी कंट्रोलर गप्प असतो. पूर्वी आर्मच्या प्रत्येक बोर्डासाठी कर्नलमध्ये सीची एक बोर्ड फाइल असे. त्या इतक्या साचल्या की २०११मध्ये लायनस टॉरवाल्ड्स जाहीरपणे वैतागले, आणि आर्मची मंडळी डिव्हाइस ट्रीकडे, म्हणजे बोर्डावर काय कुठे आहे ते सांगणाऱ्या वेगळ्या तक्त्याकडे, वळली. ती कल्पना ओपन फर्मवेअरची, १९९४च्या आयईईई १२७५ मानकातली. सनच्या स्पार्क यंत्रांत आणि ॲपलच्या पॉवरपीसी मॅकमध्ये ती आधीपासून होती. डिसेंबर २०१२च्या लिनक्स ३.७पासून एकच कर्नल वेगवेगळ्या कंपन्यांच्या आर्म चिपांवर बूट होऊ लागला.

तुम्ही प्लॅटफॉर्म ड्रायव्हर लिहा, ॲड्रेस आणि इंटरप्ट कर्नलकडून मागा. बाकी गुणधर्म डिव्हाइस_प्रॉपर्टी_रीड_यू३२ने वाचा, म्हणजे डिव्हाइस ट्री असो की एसीपीआय (पीसीच्या फर्मवेअरमधली तशीच माहिती), कोड तोच. एकच चिप कधी आयटूसीवर तर कधी एसपीआयवर येत असेल तर रेगमॅप वापरा, म्हणजे बस कुठलीही असो, रजिस्टरं एकाच पद्धतीने वाचता येतात.

इफडेफ कॉन्फिग_आर्म लावून भागवलं तर?

एक लावलं की दुसरं येतं. ड्रायव्हरमध्ये आर्किटेक्चरचं नाव दिसलं तर बहुतेक वेळा वरच्यापैकी एखादं फंक्शन राहून गेलेलं असतं. वेगळेपण खरोखर चिपमध्ये असेल तर ते कम्पॅटिबल स्ट्रिंगला (डिव्हाइस ट्रीतल्या चिपच्या नावाला) जोडलेल्या डेटामध्ये जावं.

हातात बोर्ड नाही. तपासू कसं?

क्रॉस कंपायलर घेऊन आर्म६४, रिस्क-व्ही आणि एस३९०साठी नुसतं बिल्ड करा. केकॉन्फिगमध्ये कंपाइल_टेस्ट असेल तर तुमचा ड्रायव्हर इतरांच्या बिल्डमध्येही येतो. स्पार्स चालवा. डीएमए_एपीआय_डीबग चालू करा. सिंकला चुकीची दिशा दिलीत, अनमॅप विसरलात, स्टॅकवरचा बफर दिलात, हे सगळं तो एक्स८६वरच दाखवतो. क्यूएमयू या इम्युलेटरमध्ये एडू नावाचं शिकायला ठेवलेलं पीसीआय डिव्हाइस आहे. त्याचा डीएमए मुळात फक्त २८ बिटांचा असल्याने मास्कचा सराव छान होतो.

क्यूएमयूची मर्यादाही ध्यानात ठेवा. एंडियन आणि शब्दाची लांबी तो चोख दाखवतो. पण एक्स८६च्या यंत्रावर आर्मचं सोंग आणताना तो कॅशे उभी करत नाही, आणि मेमरीचा ढिला क्रमही तिथे फारसा दिसत नाही. बॅरिअर राहिलाय का, हे खऱ्या हार्डवेअरवर किंवा कोड डोळ्यांखालून घालूनच कळतं.

रिस्क-व्हीसाठी वेगळं काही?

वरचं सगळं पाळलं असेल तर ड्रायव्हरमध्ये नाही. आतून मजा आहे: फेन्स सूचनेत साधी मेमरी आणि डिव्हाइस यांचं वाचणं-लिहिणं वेगळं सांगता येतं, आणि बॅरिअरची फंक्शनं ते वापरतात. सगळ्याच चिपांत डीएमए कोहेरंट नसतो. ऑलविनर डी१मधल्या टी-हेडच्या गाभ्यात तर कॅशे साफ करायच्या सूचना कंपनीच्या स्वतःच्या आहेत, कारण झिकबॉम हे प्रमाणित एक्स्टेन्शन नंतरचं. डीएमएची फंक्शनं वापरणाऱ्याला यातलं काही दिसत नाही. ज्यांनी कॅशे हाताने साफ करायचा कोड लिहिला, त्यांना दिसतं. आपल्याकडे आयआयटी मद्रासचा शक्ती आणि सी-डॅकचा वेगा हे दोन्ही रिस्क-व्हीच आहेत. सी-डॅकचं मुख्यालय पुण्यात असलं तरी वेगाचं काम तिरुवनंतपुरमचं.

विंडोजचा जुना प्रिंटर ड्रायव्हर आर्म लॅपटॉपवर चालेल? तिथे एक्स८६ची ॲप्स तर चालतात.

ॲप्स इम्युलेशनवर चालतात, पण कर्नलमध्ये इम्युलेशन नाही. कर्नल ड्रायव्हर आर्म६४साठी पुन्हा कंपाइल केलेलाच लागतो, म्हणजे सोर्स ज्याच्याकडे आहे त्यानेच मनावर घ्यायला हवं. प्रिंटर आयपीपी (छपाईचा प्रमाण नेटवर्क प्रोटोकॉल) बोलत असेल तर विंडोजचा स्वतःचा क्लास ड्रायव्हर लावून बघा, बऱ्याचदा काम होतं.